दप्तर कोणते निवडावे? – मुक्त स्रोत डेटाबेसचा विचार

(म्हसवड, जि. सातारा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा संगणक अभियंत्यांचा प्रांत आहे. त्यात ग्रामपंचायतीचे आणि शाळेचे काय काम? मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत असे. मी कला शाखेचा पदवीधर. आकडेमोड आणि यंत्रे यांच्यापासून चार हात दूर राहण्याचाच माझा स्वभाव. परंतु एका उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत एक प्रसंग घडला आणि त्यानंतर हा विषय मला परका राहिला नाही. तो प्रसंग प्रथम सांगतो.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपले माण आणि शेजारचे आटपाडी हे दोन्ही तालुके होते. पुढच्या उन्हाळ्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. अशाच एका छावणीत मी माहिती घेण्यासाठी गेलो होतो. छावणी कोणाची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. पशुपालकांची आणि जनावरांची यादी दोन मुले दोन संगणकांवर तक्त्यात भरीत होती आणि संध्याकाळी ते दोन तक्ते एकत्र केले जात होते. तेथे एक वृद्ध बाई भांडत उभ्या होत्या. त्यांची चार जनावरे. पण चारा मिळत होता दोनच जनावरांचा. मुलांनी यादी दाखविली. बाई म्हणाल्या, "यादीत दोनच म्हंता, पर दावणीला चार हायेत. तुमची यादी खरी का माझी जनावरं?"

शोध घेतला तेव्हा कारण कळले. बाईंच्या आडनावात ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर होते. एका मुलाने ते एका कळफलकावर टंकलिखित केले, दुसऱ्याने दुसऱ्यावर. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत होती. परंतु संगणकाच्या दृष्टीने ती दोन निरनिराळ्या व्यक्तींची नावे होती. त्यामुळे दोन जनावरे एका नावावर गेली, दोन दुसऱ्या नावावर. आणि तक्ते एकत्र करताना एक नाव गळाले. दोन दिवस दोन मुक्या जिवांचा चारा तोलला गेला नाही. कोणाचा हेतू वाईट नव्हता. दप्तर ठेवण्याची पद्धत चुकली होती.

म्हणून आजचा प्रश्न हा की, गावाचे दप्तर संगणकावर न्यायचे तर ते कोणत्या साधनात ठेवावे?

संबंधाधिष्ठित म्हणजे काय?

डेटाबेस म्हणजे नोंदींचे नीट बांधलेले दप्तर. त्यातील ‘संबंधाधिष्ठित’ हा प्रकार आज सर्वाधिक प्रचलित आहे. आयबीएम कंपनीतील गणिती एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून त्याचा पाया घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध सामाईक क्रमांकाने जोडावा.

ही कल्पना आपल्याला अपरिचित आहे, असे समजू नये. महसुलाच्या दप्तरात गाव नमुना ७ मध्ये जमिनीचे अधिकार, १२ मध्ये पिके, ८-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन आणि ६ मध्ये फेरफार असतात. हे नमुने गट क्रमांकाने व खाते क्रमांकाने एकमेकांशी बांधलेले आहेत. गावचा तलाठी, संगणकाचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हापासून, संबंधाधिष्ठित दप्तर सांभाळीत आला आहे.

छावणीतील यादी या रीतीने कशी झाली असती? एका तक्त्यात पशुपालक, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात जनावरे. जनावराच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तोच त्याची ओळख. जनावराच्या नोंदीत पशुपालकाचे नाव पुन्हा लिहावयाचे नाही, केवळ त्याचा क्रमांक लिहावयाचा. मग आडनाव कसेही टंकलिखित झाले तरी जनावर मालकापासून तुटत नाही, आणि एकच बिल्ला दोनदा नोंदविण्याचा प्रयत्न झाल्यास डेटाबेस ती नोंद नाकारतो.

रोकडवहीची शिस्त

दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली जाते तेव्हा नमुना १० ची पावती फाडावी लागते, नमुना ९ च्या मागणी व वसुली नोंदवहीत वसुली दाखवावी लागते आणि नमुना ५ च्या रोकडवहीत रक्कम जमा धरावी लागते. समजा, पावती झाली आणि तेवढ्यात वीज गेली. पावती आहे, पण वसुली नाही. पुढील वर्षी त्याच माणसाच्या दारात थकबाकीची नोटीस! चांगला डेटाबेस या तिन्ही नोंदींची एक मोट बांधतो. होतील तर तिन्ही होतील. नाही तर एकही होणार नाही. यालाच व्यवहार, म्हणजे ट्रॅन्झॅक्शन, म्हणतात.

वीज गेल्यावरही हे कसे साधते, हे आपल्या जुन्या दिवाणजींना सांगावे लागणार नाही. आधी कीर्द, मग खतावणी, हा त्यांचा नियम. डेटाबेसही होणारा प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर मूळ तक्त्यात चढवितो. वीज परत आल्यावर तो कीर्द वाचतो. पुरा झालेला व्यवहार तक्त्यात चढवितो, अपुरा राहिलेला सोडून देतो.

तीन साधने, तीन स्वभाव

मुक्त स्रोत म्हणजे ज्या प्रणालीची मूळ संहिता सर्वांना पाहता, वापरता, बदलता आणि वाटता येते ती. भारत सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. लहान संस्थेच्या दृष्टीने यात परवाना शुल्काची बचत आहेच. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, आपले दप्तर एकाच विक्रेत्याच्या कुलपात अडकत नाही. अशा डेटाबेसपैकी तिघांचा परिचय करून घेऊ.

पहिला पोस्टग्रेस, पूर्ण नाव पोस्टग्रेस्क्यूएल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये या प्रकल्पास प्रारंभ झाला आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याचा मालक कोणी एक कंपनी नाही. जगभरातील स्वयंसेवक आणि अनेक कंपन्यांतील अभियंते मिळून तो वाढवितात. त्याचा स्वभाव शिस्तीचा. तारखेच्या रकान्यात ३१ फेब्रुवारी लिहिली तर तो नोंद घेणारच नाही. २००१ पासून पोस्टजीआयएस या जोडप्रणालीमुळे त्यात नकाशेही ठेवता येतात. कोणती विहीर कोणत्या ओढ्यापासून किती अंतरावर आहे, हे विचारता येते. उणीव अशी की, तो स्वतंत्र सर्व्हरवर चालतो आणि त्याची देखभाल शिकलेला माणूस लागतो. त्याची नवी मुख्य आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते, प्रत्येकीला पाच वर्षे आधार मिळतो, आणि एका मुख्य आवृत्तीवरून दुसरीवर जाणे हे विचारपूर्वक करावयाचे काम असते.

दुसरा मायएसक्यूएल आणि त्याचे भावंड मारियाडीबी. मायएसक्यूएल १९९५ मध्ये स्वीडनमधील एका कंपनीने आणला. त्याचे एक निर्माते मायकेल विडेनियस यांनी आपल्या ‘माय’ नावाच्या मुलीवरून त्याचे नाव ठेवले. आपल्याकडील माउलीशी त्याचा संबंध नाही. २००८ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे एक अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलकडे गेली. व्यापारी डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या हाती मुक्त डेटाबेस गेला, ही चिंता विडेनियस यांना आधीच वाटू लागली होती. त्यांनी २००९ मध्ये त्याच संहितेतून वेगळी शाखा काढली आणि तिला दुसऱ्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले. मुक्त स्रोत परवान्याचे सामर्थ्य येथे दिसते : मालक बदलला तरी काम थांबले नाही. आजही मायएसक्यूएलची मुक्त आवृत्ती उपलब्ध आहे आणि मारियाडीबीही स्वतंत्रपणे वाढते आहे.

याचा मोठा गुण म्हणजे प्रसार. संकेतस्थळांची बहुतेक तयार सामग्री यावर चालते आणि जाणकार मिळणे सुलभ जाते. ग्रंथालयांसाठीची ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली यावरच चालते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियादेखील इतर विकिपीडियांसमवेत आज मारियाडीबीवर आहे. तेव्हा मराठी मजकूर त्याला पेलत नाही, असे कोणी म्हणू नये. मात्र त्याचा पूर्वीचा स्वभाव सैल होता. रकान्यात न मावणारे नाव तो मुकाट्याने कापून घेत असे. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ही ढिलाई मूळ मांडणीत बंद झाली. ‘वसुली मागणीपेक्षा अधिक असू नये’ अशा अटी लिहिल्या तरी मायएसक्यूएल त्या २०१९ पर्यंत पाळीत नसे, आता पाळतो. म्हणून जुन्या संगणकावरील जुनी आवृत्ती तशीच वापरू नये.

तिसरा एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली तयार केला. त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तो सार्वजनिक मालकीचा आहे. आपल्या खिशातील प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. त्याला सर्व्हर लागत नाही. सगळे दप्तर म्हणजे एक धारिका. व्यवहाराची शिस्त तो पूर्ण पाळतो. परंतु एका वेळी एकच माणूस त्यात लिहू शकतो. दुसऱ्याला क्षणभर थांबावे लागते. त्यात वापरणाऱ्यांची स्वतंत्र नावे व संकेतशब्द यांची सोय नाही. तक्त्यांतील संबंध तपासण्याची सोयही मुद्दाम चालू करावी लागते, अन्यथा तो अस्तित्वात नसलेल्या मालकाच्या नावे जनावर नोंदवू देईल.

मराठीची कसोटी

या तिघांची तुलना करणारे लेख इंग्रजीत विपुल आहेत. त्यांत वेगाची चर्चा असते, पण आपली खरी अडचण त्यांत क्वचितच येते. आपल्या गावातील नोंदी काही हजारांच्या घरात असतात. तेवढ्या तिन्ही साधने पापणी लवण्याच्या आत शोधतात. आपली कसोटी वेगाची नाही, मराठीची आहे.

पहिली गोष्ट लिपीची. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटांत असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. अन्यथा शोध लागणार नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांची मूळ मांडणी रोमन लिपीपुरती होती, आणि त्यात जपलेल्या मराठी नावांच्या जागी पुढे केवळ प्रश्नचिन्हांची रांग दिसे. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून युनिकोड हीच मूळ मांडणी आहे. तरीही तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट अकारविल्ह्याची. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ सर्वांच्या शेवटी. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे आहे, ‘क्ष’ हा ‘क’ मध्ये मोडतो, आणि ‘ॲ’ तर अंकांच्याही मागे जाऊन बसतो. एसक्यूलाइट मूळ मांडणीत याच क्रमांकांनुसार लावणी करतो. अशा यादीत ‘क्षीरसागर’ शेवटी शोधले तर सापडत नाही आणि गावकरी म्हणतो, माझे नाव वगळले. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून युनिकोडचे भाषावार क्रमनियम वापरता येतात आणि त्यांत मराठीचा नियमही आहे. मायएसक्यूएल व मारियाडीबी यांच्या काही क्रमनियमांत अनुस्वार गौण धरला जातो. तेथे अनुस्वार असलेले व नसलेले नाव एकच समजले जाण्याचा संभव असतो. तेव्हा खरेदीपूर्वी बियाणे उगवून पाहावे तशी आपल्याच गावातील पन्नास नावे घालून यादी लावून पाहावी.

तिसरी गोष्ट त्या ‘ऱ्ह’ ची. हे जोडाक्षर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येते, आणि साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येते. डोळ्यांना फरक दिसत नाही. तिन्हींपैकी कोणताही डेटाबेस हे हमखास ओळखील, अशा भरवशावर राहू नये. त्यावर उपाय दोन. नोंद घेतानाच सर्व नावे एका रूपात आणण्याचा नियम प्रणालीत घालावा. आणि माणसाची ओळख नावावरून नव्हे, क्रमांकावरून ठेवावी.

मग निवड कशी करावी?

प्रथम एक मर्यादा. ज्या कामासाठी शासनाची प्रणाली आधीच आहे, तेथे आपला वेगळा संसार थाटू नये. पंचायतीच्या हिशेबासाठी २०२० पासून ई-ग्रामस्वराज आहे. सात-बारा व फेरफार महसूल विभागाच्या प्रणालीत आहेत. आपला प्रश्न येतो तो स्थानिक दप्तराचा : टँकरच्या खेपा, शाळेचे ग्रंथालय, नळजोडण्यांची यादी, दूध संस्थेचे रोजचे संकलन. त्यासाठी मी चार प्रश्न विचारावेत असे सुचवितो.

एक, लिहिणारे किती? एकच शिक्षक एका संगणकावर लिहिणार असेल, तर एसक्यूलाइट पुरेसा आहे. त्याच्यासाठी सर्व्हर उभारणे म्हणजे परसातील वाफ्याला कालवा काढण्यासारखे आहे. तीन-चार ठिकाणांहून एकाच वेळी नोंदी होणार असतील, तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीकडे वळावे.

दोन, तयार प्रणाली घेणार की नवी करून घेणार? तयार प्रणाली घेतल्यास ती ज्या डेटाबेससाठी बनली आहे, तोच घ्यावा. ग्रंथालयासाठी कोहा ठरली की मारियाडीबी अथवा मायएसक्यूएल ठरलाच.

तीन, चूक झाल्यास काय बिघडेल? पैसा, पाणी, चारा किंवा जमीन यांचा प्रश्न असेल आणि प्रणाली नव्याने होणार असेल, तर माझा कौल पोस्टग्रेसला आहे. नियम एकदा डेटाबेसमध्येच लिहिले की ते प्रत्येक लेखनिकाला सारखे लागू होतात. मराठी लावणी आणि नकाशा यांची सोयही तेथे अधिक चांगली आहे.

चार, सांभाळणार कोण? हा प्रश्न शेवटी विचारला असला तरी सर्वांत जड आहे. तालुक्याच्या ठिकाणी मारियाडीबी जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर असेल आणि पोस्टग्रेस जाणणारा पुण्याहून यावा लागत असेल, तर माझा वरील कौल बाजूला ठेवावा. आजच्या आवृत्त्यांमध्ये या दोघांतील अंतर फार मोठे राहिलेले नाही. परंतु सांभाळलेले दप्तर आणि बेवारस दप्तर यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

यालाच जोडून दोन कर्तव्ये सांगतो. पहिले, प्रतींचे. रोज एक प्रत काढावी, ती दुसऱ्या उपकरणावर ठेवावी आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. एसक्यूलाइटची धारिका काम चालू असताना तशीच उचलून नकलू नये. त्यासाठी दिलेली प्रतीची आज्ञाच वापरावी. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून सगळे दप्तर दुसऱ्या संगणकावर उभे करून पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे कणगीत न डोकावता धरलेला धान्याचा भरवसा होय. दुसरे, खासगीपणाचे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने लोकांची माहिती जपण्याचे दायित्व आपल्यावर टाकले आहे. जेवढे लागते तेवढेच लिहावे. टँकरच्या खेपेसाठी आधार क्रमांकाची गरज नाही.

मित्रहो, याच म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेच्या परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक सभासदांमध्ये अंगठा उठविणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या आणि पुन्हा मुंबईस गेल्या. अधिकाऱ्यांपुढे त्यांनी सांगितले, की आम्हाला व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो. तुमचे अधिकारी यंत्राशिवाय काढतात का ते पाहू. परवाना मिळाला. श्रीमती चेतना सिन्हा यांनी ही हकीकत जाहीरपणे सांगितली आहे.

मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, ज्याला सही येत नाही त्यालाही आपला हिशेब कळत असतो. आपण संगणकावर जे दप्तर बांधू, ते त्या माणसाला विचारता आले पाहिजे आणि त्याने विचारले तर आपल्याला उत्तर देता आले पाहिजे. छावणीतील त्या बाईंनी विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. यादी आणि दावण यांत फरक पडला, तर आधी दावणीवर जाऊन जनावरे मोजावीत आणि मग यादी दुरुस्त करावी. डेटाबेस कोणताही निवडा, पण हा क्रम उलटा होऊ देऊ नका.